ठेवलेली कळशी हलते आहे

"ठेवलेली कळशी हलते आहे. कृपया लक्ष द्यावे."

आमच्या गेमच्या तक्रारपेटीत ही तक्रार आली तेव्हा खाली नाव नव्हतं, पण मला ते लागलंच नाही. तिथे लोक हिंदीत लिहितात, इंग्रजीत लिहितात, नुसती रागीट तोंडं पाठवतात. शुद्ध मराठीत, पूर्णविरामासकट आणि 'कृपया'सकट लिहिणारी बाई एकच होती, आणि ती त्या वेळी सुदामा नगरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये माझ्याच टेबलाशी बसलेली होती. माझी आई. संध्याकाळी मी घरी गेल्यावर तोंडानं सांगितलं असतं तरी चाललं असतं, पण तिला ते नियमाला धरून वाटायचं नाही. तालुक्याच्या कचेरीत तिनं नोकरीभर टायपिस्टचं काम केलं. तक्रार म्हणजे ती टाइप केलेलीच हवी.

मी इंदूरमधल्या एका लहानशा गेम कंपनीत आहे. खेळणाऱ्यांच्या तक्रारी वाचायच्या, त्यांनी सांगितलेला दोष आपल्याकडे पुन्हा घडतो का ते बघायचं, घडला तर तो प्रोग्रामरच्या गळ्यात मारायचा आणि नाही घडला तर 'आमच्याकडे असे होत नाही' असं गोड शब्दांत कळवून प्रकरण मिटवायचं, हे माझं काम. सांगलीला नातेवाइकांना हे समजावून सांगताना माझा संताप होतो. "म्हणजे दिवसभर गेम खेळतेस होय?" असं विचारणाऱ्या माणसाला काय सांगायचं?

आमचा गेम तसा साधा आहे. हातगाडीवर भांडी रचायची आणि गाडी खड्ड्याखुड्ड्यांतून ढकलत बाजाराच्या दुसऱ्या टोकाला न्यायची. गंमत एवढीच की भांडी खऱ्यासारखी वागतात. त्यांना वजन आहे, ती घसरतात, कलंडतात, एकमेकांवर आपटून फुटतात. कुठलं भांडं कधी पडेल हे आम्ही आधी ठरवलेलं नसतं. गेम ते त्या त्या क्षणी गणित करून ठरवतो. त्यामुळे तक्रारीही नामी येतात. 'माझी गाडी आभाळात गेली, फार मजा आली, कृपया दुरुस्त करू नका.' 'गुरुत्वाकर्षण थोडं कमी करा, माझ्या मुलाला रडू येतं.' एकानं तर खड्डे इंदूरचे वाटत नाहीत, इथले रस्ते बघून जा म्हणून लिहिलं होतं. हे वाचून मी एकटीच हसत बसते. पण आईची ती तक्रार वाचून मला हसू आलं नाही, कारण आईला उगीच तक्रार करायची सवय नाही.

मी ऑफिसमधल्या मशीनवर गेम लावला, कळशी ठेवली, वाट बघितली. कळशी जागची हलेना. मग नेमाप्रमाणे उत्तर पाठवलं की आमच्याकडे असे होत नाही. संध्याकाळी घरी गेले तर आई पोह्यांवर शेव घालत होती. इथले पोहे तिला गोड लागतात म्हणून ती घरीच करते, पण शेव मात्र इंदूरचीच लागते. तिनं माझ्याकडे न बघता विचारलं, "तुमच्याकडे होत नाही?"

"नाही गं. सगळ्या मशीनवर बघितलं."

"बरं," ती म्हणाली. एवढंच. मी म्हटलं दाखव तरी, म्हणून तिच्या शेजारी बसले.

आई हा गेम जशी खेळायची तसं दुसरं कोणी खेळत नव्हतं. बाकीचे लोक भांडी गाडीवर फेकतात. आई रीतसर उतरंड लावायची. तळाला डेरा, त्यावर घागर, तिच्यावर कळशी, मग गाडगं, मग बोळकं. एकेक ठेवून, जरा थांबून, तोल बघून. बघताबघता तिची उतरंड पडद्याच्या वरच्या कडेला टेकायची. त्या दिवशीही तिनं तशीच रचली, आणि कळशीच्या वरचं सगळं बारीक थरथरायला लागलं. अगदी बारीक. बघणाऱ्याला आधी आपलेच डोळे खराब झाले असं वाटावं इतपत.

मी पडद्यावरून नजर काढून तिच्या हाताकडे बघितलं. हात माऊसवर होता, वरचं बोळकं तिनं अजून सोडलेलं नव्हतं.

इथे मला मोठ्या मावशीबद्दल सांगायला हवं. आईची ही थोरली बहीण. तिचा कंपवात असाच सुरू झाला होता, उजव्या हाताच्या अंगठ्यापासून. आधी कोणी लक्ष दिलं नाही. थंडी आहे म्हणाले, अशक्तपणा म्हणाले. मावशी तो हात पदराखाली धरून बसायची. शेवटची वर्षं आईनंच तिला भरवलं, आणि मी शाळेतून आले की मांडीवर रुमाल पसरून मावशीसमोर बसलेली आई दिसायची. आमच्या घरात त्या आजाराचं नाव कोणी घेत नाही.

ज्या गोष्टी आपण माऊसनं हलवतो त्या हात हलला की हलणारच. हे कळायला माझी नोकरी लागत नाही. आणि खरं सांगायचं तर उपायही मला त्याच क्षणी सुचला होता: आई, हात काढ, मग बघू हलते का. कारण शोधायची ती पहिली पायरी असते. एकेक गोष्ट बाजूला काढायची आणि बघत जायचं. नव्या मुलांना मीच हे शिकवते. पण माझं तोंड उघडेना. कळशी थांबली तर? मी म्हणाले, "हो गं, हलतंय खरं. बघते मी," आणि उठून चहा टाकायला गेले.

दुसऱ्या दिवशी आई भाजी आणायला खाली गेली तेव्हा मी त्याच कॉम्प्युटरवर स्वतः खेळून बघितलं. घरचा कॉम्प्युटर म्हणजे माझंच जुनं धूड, तापलं की त्याचा पंखा स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जातो. मी भांडी रचली, ती कोसळली. पुन्हा रचली, पुन्हा कोसळली. मला काही आईसारखी उतरंड जमेना. पण कोसळेपर्यंत माझ्या हातात एकही भांडं थरथरलं नाही. माझ्या हातात नाही आणि तिच्या हातात आहे, तर दोष कुठे आहे हे उघड झालं असं मी धरून चालले. मशीन तेच, गेम तोच, बदलला तो फक्त हात. माझ्या धंद्यातल्या माणसाला याहून मोठा पुरावा लागत नाही.

त्यानंतरचे दिवस मी एखाद्या गुप्तहेरासारखे काढले. आईला सुईत दोरा ओवायला सांगितला, आणि स्वतः पेपर वाचायचं नाटक केलं. तेलाची बाटली मुद्दाम भरून ठेवली आणि ती ओतताना धार बघितली. ओला-सुका कचरा घेणारी गाडी सकाळी आली की मी गॅलरीत उभी राहून खाली बघायची, बादली तिच्या हातात कशी आहे म्हणून. ती कपबशी सोडून स्टीलच्या पेल्यातून चहा प्यायला लागली तेव्हा तर माझं धाबं दणाणलं. कपबशी वाजते म्हणून पेला घेतला असणार! मावशीचंही असंच झालं होतं. मी कपाटात बघितलं तर कपाचा कान खरंच तुटलेला होता. तरी मला बरं वाटलं नाही. तो तुटला कसा, हा प्रश्न लगेच उभा राहिला.

माझा स्वभाव मुळात तापट. काळजी वाटली की मी शांत होत नाही, खेकसते. त्या दिवसांत मी आईवर मिठावरून, पंख्यावरून, दार उघडायला लागलेल्या वेळावरून खेकसले. ती काही बोलली नाही. तिचं न बोलणंही मी लक्षण म्हणून धरलं.

ऑफिसमध्ये तिची दुसरी तक्रार आली. 'कळशी अद्याप हलते आहे. वरील गाडगे व बोळकेही हलते.' आमचा मुख्य प्रोग्रामर इंदूरचाच मराठी आहे, 'जुनी इंदूर' नावाच्या भागात वाढलेला, घरी चार पिढ्या इथेच. त्याची मराठी ऐकून पहिल्या आठवड्यात मी दचकले होते; आता मलाही तशीच फुटते.

"ताई, तो मटक्यांवाला रिपोर्ट फिर से आला आहे," तो म्हणाला. "मी सब मशीनवर बघितलं ना, कुठेच नहीं हो रिया. बंद करून देऊ क्या?"

"राहू दे."

"अरे भिया, कोणीतरी पुण्याची आंटी दिसते. 'अद्याप' लिहिलंय! माझ्या आजोबांनंतर हा शब्द मी आज ऐकला."

सगळे हसले. मीही हसले. ती आंटी कोण हे मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो लगेच म्हणाला असता, मग मम्मीजींना विचार ना नीट. तेच तर मला विचारायचं नव्हतं. तक्रार मी उघडीच ठेवली. बंद केली की आईला पुन्हा ते उत्तर जाणार, आणि उघडी ठेवली की रोज सकाळी मला ती दिसणार. दोन्हीकडून जीव टांगणीला लागलेला.

तिसरी तक्रार आली ती दुपारी, जेवणाच्या सुट्टीत. माझा डबा उघडा होता.

'माऊसवरून हात काढून पाहिले. माऊसची वायरही काढून पाहिली. तरी कळशी हलते आहे. तरी हे आपल्याकडे होते किंवा कसे, ते निश्चित कळवावे.'

मी ते वाचलं आणि घास तसाच राहिला. आधी मला हायसं वाटलं, अगदी उडी मारावी इतकं. वायर काढूनही हलते म्हणजे हात नाही, गेम आहे, दोष आमचाच आहे! आणि मग शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं. 'निश्चित कळवावे.' गेममधल्या कळशीसाठी कोणी वायर उपटत नाही. तिनं वायर उपटली होती, कारण तिलाही तीच भीती होती. ती मला गेमबद्दल विचारतच नव्हती. पहिल्या दिवसापासून ती एकच विचारत होती, हे माझ्यामुळे होतंय का, आणि मी तिला ऑफिसच्या भाषेत कळवत होते की आमच्याकडे होत नाही. त्याचा अर्थ तिनं काय लावला असेल? पोह्यांवर शेव घालताना ती 'बरं' म्हणाली होती, तो आवाज मला आठवला. मला रडू यायला लागलं म्हणून मी डबा बंद केला.

मग मात्र मी थांबले नाही. प्रोग्रामरला गाठून सांगितलं की ती पुण्याची आंटी म्हणजे माझी आई आहे. तो कान धरून म्हणाला, "सॉरी ताई, मला कुठे माहीत होतं! एक काम करा, तो कॉम्प्युटर इथेच उठवून आणू. आणि मम्मीजींना पण."

तो स्वतः गाडी घेऊन आला. आई कांजीवरम नेसून, केस नीट बांधून, माऊस पिशवीत घालून ऑफिसात आली. सगळे तिच्याभोवती जमले. तिनं उतरंड रचायला घेतली. डेरा, घागर, कळशी, गाडगं, बोळकं, आणि वर आणखी. आमच्यातल्या कोणीही तेवढ्या उंचीपर्यंत कधी गेलंच नव्हतं. जुन्या कॉम्प्युटरचा पंखा घरघरायला लागला. आईनं हात काढून मांडीवर ठेवला आणि सगळ्यांदेखत कळशी थरथरली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. काहीतरी बिघडलेलं दिसल्यावर टाळ्या वाजवणारी आमची जात. प्रोग्रामर तर नाचायचाच बाकी होता. "मम्मीजी, तुम्ही तर कमाल करून दिली! इतके दिवस आम्ही मटके फेकत होतो, रचत कोणीच नव्हतं."

कारण त्यानं संध्याकाळपर्यंत शोधलं. जुनं मशीन दमलं की गेमचं गणित बारीक पावलं टाकायचं सोडून ढांगा टाकायला लागतं. एका ढांगेत वरचं भांडं खालच्यात जरासं रुततं, पुढच्या ढांगेत गेम त्याला बाहेर ढकलतो, ते पुन्हा रुततं. बघणाऱ्याला ते थरथरताना दिसतं. भांडी थोडी असली की हे होत नाही. उतरंड उंच झाली की होतं. आमची मशीनं नवी आणि आमच्या उतरंडी बुटक्या, म्हणून आम्हाला कधी दिसलं नाही. घरी जाताना आईनं रिक्षात माझा हात धरून ठेवला होता. कित्येक दिवसांत मी तिच्यावर खेकसले नाही, तो हा पहिला दिवस.

दुरुस्त केलेला गेम मी रविवारी कॉम्प्युटरसकट घरी आणला. जेवणं झाली होती. बाहेर लालबागेच्या मैदानावरच्या मेळ्याची जाहिरात करत एक रिक्षा फिरत होती, आणि आई म्हणाली, संध्याकाळी जाऊ, कॉटनच्या साड्या बघू. मी गेम लावून दिला. तिनं उतरंड रचली, हात काढला. पंखा घरघरत होता, पण उतरंड दगडासारखी उभी राहिली. एकही भांडं हललं नाही.

"झालं गं दुरुस्त," आई म्हणाली. तिचा चेहरा असा फुलला की मला तिचा टायपिस्टच्या दिवसांतला फोटो आठवला. मग तिनं शेवटचं बोळकं उचललं, वर ठेवायला.

बोळकं माऊसला लटकून हवेत होतं. खालची उतरंड स्थिर. आणि बोळकं थरथरत होतं.

आधी सगळंच हलायचं, त्यात हे कोणाला दिसणार होतं? एका दोषाखाली दुसरा लपतो, वरचा काढला की खालचा उघडा पडतो, हे मी रोज बघते. तरी मी घाईनं म्हणाले, "माऊस जुना झालाय तो."

आईनं बोळकं खाली ठेवलं आणि खुर्ची सरकवून माऊस माझ्यापुढे केला. "तू धर बघू."

मी धरला. बोळकं हवेत उचललं. ते शांत उभं राहिलं. मला ते हलवायचं होतं, मुद्दाम, आणि माझ्या हातून तेही होईना. आई पडद्याकडे बघत होती. बाहेरची रिक्षा लांब गेली होती.

"दे," ती म्हणाली. तिनं पुन्हा धरलं. पुन्हा तीच बारीक थरथर.

"आई, हे बुजवता येतं," मी म्हणाले. "हाताची बारीक हालचाल गेमनं धरायचीच नाही असं करता येतं. पुष्कळ गेममध्ये करतात. मी उद्याच सांगते त्याला, छोटं काम आहे."

"म्हणजे हात हलला तरी बोळकं हलणार नाही?"

"नाही. तुला कळणारसुद्धा नाही."

तिनं जरा विचार केला. कचेरीत साहेबांनी मजकूर बदलायला सांगितला की ती अशीच थांबायची, म्हणे.

"नको," ती म्हणाली. "डॉक्टरांची वेळ घे, मी येते तुझ्याबरोबर. पण हे असंच राहू दे. घरात तू सांगणार नाहीस, मी विचारणार नाही. एका ठिकाणी तरी मला खरं दिसू दे."

मी खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि पहिल्यांदाच, न चोरता, तिच्या हाताकडे बघितलं.